घाम न येणाऱ्या माणसांचे दात

माझ्या नोकरीचं सरकारी नाव ‘डेंटल मेकॅनिक’. या नावानं मला बरंच छळलं. सासरे मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण, घरदार काही न विचारता विहिरीवरचं ऑइल इंजिन धूर का सोडतं ते विचारलं. नांदेडला भाड्याच्या खोलीबाहेर पाटी लावली, तर तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ बंद पडलेली लुना ढकलत दारात उभे. पुढं हुद्द्याचं नाव बदलून ‘दंततंत्रज्ञ’ झालं. लुना यायच्या थांबल्या, पण मी नेमकं काय करतो हे उरल्यासुरल्यांनाही कळेनासं झालं.

तर आधी तेच सांगतो. दातांचा डॉक्टर माणसाचं तोंड बघतो. मी त्या तोंडाचा साचा बघतो. डॉक्टर मऊ मसाला भरलेला चमचा तोंडात दाबून माप घेतो, ते माप माझ्याकडं येतं. मी त्यात प्लास्टर ओततो, हिरड्यांची हुबेहूब नक्कल काढतो, तिच्यावर मेणाचा पट्टा बसवतो. पेशंट त्या मेणावर चावा घेतो, मग मी मेणात एकेक दात रोवतो. शेवटी ते सगळं पितळी डब्यात गाडायचं, मेण उकळून काढायचं, त्या जागी गुलाबी मसाला भरायचा आणि डबा उकळत्या पाण्यात तासन्‌तास ठेवायचा. डबा फोडला की कवळी. घासूनपुसून चकचकीत केली की डॉक्टर ती बसवतो आणि पेशंट डॉक्टरला हात जोडतो. मी पडद्यामागं असतो. ही तक्रार नाही. पडद्यामागं पंखा होता.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा त्यांना गमतीचे किस्से हवे असणार. ते आहेत. गोदावरीत चूळ भरताना कवळी सोडून आलेले गुरुजी आहेत. नवऱ्याच्या माघारी त्यांची कवळी घेऊन आलेली एक आजी आहे. चांगली आहे, वाया कशाला घालवायची, घासून माझ्या मापाची करून द्या म्हणाली. मी म्हणालो, आजी, दुसऱ्याची जमत नसते. त्यावर ती म्हणाली, त्यांचं-माझं तसंही कधी जमलं नव्हतं. पण लिहायला बसलो की मला ही माणसं आठवत नाहीत. आठवतात ती देवणीजवळच्या एका खेड्यातली तीन माणसं. त्यांच्यासाठी मी जेवढे दात केले, तेवढे दुसऱ्या कुठल्याच घरासाठी केले नाहीत.

माझं गाव बिलोलीकडचं. वडील तहसिलात शिपाई. दहावीनंतर एका मास्तरांनी नागपूरच्या या कोर्सची जाहिरात दाखवली. वडलांनी कोर्स कशाचा ते विचारलंच नाही. नागपूरला जायचं म्हणतो ना पोरगा, मग जाऊ द्या, एवढंच म्हणाले. छपन्न साली त्यांना नागपूरला जायचं होतं आणि जमलं नव्हतं. मी गेलो, दोन वर्षं प्लास्टर कालवायला शिकलो, परत येऊन नांदेडला नोकरीला लागलो. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी बदली तिकडच्या एका दवाखान्यात झाली.

नवा जिल्हा म्हणजे सगळ्या पाट्यांना ओला रंग. कागद मात्र जुनेच. छापील ‘उस्मानाबाद’वर शाईची रेघ मारून खाली ‘लातूर’चा शिक्का मारायचा, हे काम मी स्वतः कितीतरी दिवस केलं. टेबलं बारदानात गुंडाळलेली, खुर्च्या एकात एक अडकवलेल्या. मला प्रयोगशाळा म्हणून औषधांची जुनी कोठी मिळाली. डॉक्टर पुण्याकडचे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हुशार आणि थोडे घाबरट. मदतीला खाजामियाँ नावाचे उतारवयाचे शिपाई. निजामाच्या काळात त्यांचे वालिद कुठल्याशा नवाबाच्या बगीच्यात माळी होते, त्यामुळं पाणी वाया गेलेलं त्यांना सहन व्हायचं नाही.

आणि ती वर्षं पाण्याचीच होती, म्हणजे नसलेल्या पाण्याची. लागोपाठ पाऊस चुकला होता. दवाखान्याला आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. माझ्या कामाला तर पावलोपावली पाणी लागतं. खाजामियाँनी कोठीत दोन टिपाडं ठेवून घेतली होती, एक हात धुण्याचं आणि दुसरं डबे उकळण्याचं. दुसऱ्यावर झाकण, झाकणावर दगड.

अशा एका एप्रिल महिन्यात गयाबाई आली. चोविशीची असेल. कडेवर पाच वर्षांचं पोर, मागं एक म्हातारा. पोराचा अंगरखा ओलाचिंब होता. मला वाटलं, पोरानं पाणी सांडून घेतलं. तिनं पिशवीतून बाटली काढली, चुळकाभर पाणी पोराच्या पाठीवर ओतलं आणि मग नमस्कार केला.

पोराचं नाव दत्ता. डोक्यावर विरळ पिंगट केस, भुवया जवळजवळ नाहीत, डोळ्यांभोवती सुरकुतलेली कातडी. तोंडात वरच्या बाजूला फक्त दोन दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. खाली काहीच नाही. ‘म्हातारा’ तिचा सख्खा धाकटा भाऊ निघाला, दिगंबर. वय बावीस. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता, कधीच आला नव्हता. गावातली पोरं त्याला ‘आजा’ म्हणायची आणि तो ओ द्यायचा.

गयाबाईचं मागणं साधं होतं. जूनमध्ये दत्ताला शाळेत घालायचं. आदल्या वर्षी ती त्याला घेऊन गेली होती. मास्तरांनी नाव विचारलं. आता त आणि द ही दंत्य अक्षरं. जीभ दातावर टेकल्याशिवाय नीट निघत नाहीत. पोराला स्वतःचं नावच सांगता येईना. बाकीची पोरं त्या दोन सुळ्यांना भ्यायली. मास्तर वाईट नव्हते. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की लहान आहे, दात आले की आणा. ती वर्षभर थांबली होती. पण भावाचे बावीस वर्षांत आले नव्हते, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी आधी नकार दिला. मुलाचा जबडा वाढतो, कवळी सहा महिन्यांत घट्ट होईल, अठराव्या वर्षी आणा म्हणाले. मी नागपूरला आमच्या सरांना एका लहान मुलीची कवळी करताना पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर वाद घातला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे सोनकांबळे, पण मी आधी विचारून घेतो. त्यांनी मुंबईच्या आपल्या प्राध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं आणि उत्तर आलं.

दुखण्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. मी ते खडूनं कपाटाच्या दारावर लिहून ठेवलं, कारण ते मला पाठ होईना. अर्थ मात्र सोपा होता. कातडी, केस, दात आणि घामाच्या ग्रंथी पोटात असताना एकाच थरातून घडतात. या माणसांत तो थर नीट घडलेला नसतो. म्हणून दात नाहीत, केस नाहीत, आणि घाम येत नाही. आपल्याला उन्हात घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. यांचं अंग तापत जातं, बस. संसर्ग नाही, औषधही नाही. अंग थंड ठेवा, दात करून द्या, एवढंच हातात आहे. आणि शेवटी लिहिलं होतं, की दोष आईच्या रक्तातून मुलग्यांत उतरतो. आईत तो झाकलेला असतो, फार तर तिचे चार दात कमी असतात.

पत्र मी तिला मराठीत सांगितलं. शेवटचा भाग सांगावा की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात डॉक्टरांनीच सांगून टाकला. गयाबाई म्हणाली, ‘‘म्हंजी माझ्यापायीच झालं की ह्ये.’’

तोवर दिगंबर एक शब्द बोलला नव्हता. भिंतीला टेकून बसला होता. त्याचं बोलणं हिरड्यांवरून घसरत यायचं, कान देऊन ऐकावं लागायचं. तो म्हणाला, ‘‘अक्का, माझं कुणापायी झालं? आईपायी. आईनं काय केलं मंग? बावीस वर्सं भाकर कुटून घातली.’’

डॉक्टर उठून बाहेर गेले आणि परत आल्यावर म्हणाले, माप घेऊ.

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो. ती लिहायचीच नसेल तर बाकी लिहिण्यात अर्थ नाही.

माप झालं. पुढची खेप मेणावर चावा घेण्याची. सकाळी डॉक्टरांपुढं रांग असायची, म्हणून मी दुपारी दोनची वेळ दिली. मे महिना होता. गयाबाई म्हणाली, सायेब, सकाळची येळ देता का? मी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, की दवाखान्याचं टाइमटेबल असतं बाई, प्रत्येकाच्या सोयीनं कसं चालेल. मुंबईचं पत्र मी स्वतः तिला मराठीत सांगितलं होतं. कपाटावर नाव मीच लिहिलं होतं. आणि दुपारी दोनची वेळही मीच दिली.

त्या दिवशी त्यांची गाडी नळेगावच्या पुढं बंद पडली. झाड नाही, टपरी नाही. बाटल्यांतलं पाणी तासाभरात संपलं. बाकीच्या उतारूंनी आपापल्या तांब्यातलं घोट-घोट दिलं. तेही देऊन देऊन किती देणार? दुसरी गाडी मिळून ते पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. दिगंबर दत्ताला दोन्ही हातांवर घेऊन धावतच कोठीत आला. पोराचे डोळे फिरलेले, हातपाय झटके देत होते. अंगाला हात लावला तर तव्यासारखं.

मी डॉक्टरांना हाक मारायला वळलो. खाजामियाँ वळले नाहीत. त्यांनी टिपाडावरचा दगड ढकलला, झाकण फेकलं आणि दिगंबरच्या हातातून पोराला घेऊन गळ्यापर्यंत त्या पाण्यात उतरवलं. आठवड्याचं पाणी होतं ते. मी मग भानावर आलो, प्लास्टरच्या वाटीनं डोक्यावर पाणी ओतत राहिलो. डॉक्टर आले, सुई दिली. झटके थांबायला किती वेळ लागला सांगता येत नाही, पण थांबले. पोरानं डोळे उघडले, पाण्याखालचे आपले हात बघितले आणि आईकडं बघून ओठ हलवले.

दिगंबर दाराशी कोसळला होता, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचंही अंग तसलंच होतं. हात धुण्याचं टिपाड त्याच्यावर रिकामं केलं.

सगळं शांत झाल्यावर गयाबाई माझ्यासमोर आली. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. म्हणाली, ‘‘मी म्हणले हुते सकाळची येळ द्या. तुमी ऐकून घेतलं न्हाई.’’

मी मान खाली घातली. ‘चुकलं’ हा शब्द तेव्हा निघायला हवा होता, तो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पाया पडायचं बाकी ठेवून मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की या माणसांना सकाळी साडेसहाला बघायचं. ती आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं यायची, खाजामियाँच्या घरी मुक्काम करायची. नोकरी संपेपर्यंत त्या घरच्या माणसांना मी दुपारची वेळ दिली नाही. पण ते नंतरचं शहाणपण.

दत्ताच्या कवळीचं काम मी जीव लावून केलं. एवढ्याशा जबड्याचे तयार दात मिळतच नव्हते. मोठ्या माणसाच्या खालच्या पुढच्या दातांचा सगळ्यात बारीक संच मागवला आणि एकेक दात कानशीनं घासून दुधाच्या दाताएवढा केला. बत्तीशी नाही, अठराच बसले. ते दोन सुळे उपटा म्हणून गावातून निरोप होता, अपशकुनी दिसतात म्हणे. डॉक्टर आणि मी दोघंही नाही म्हणालो. आम्ही कवळी त्या सुळ्यांच्या वरूनच बसवली, मोज्यासारखी. त्यांच्याच आधारानं ती तोंडात टिकली.

बसवली त्या सकाळी पोर सुंदर दिसलं. गयाबाईनं त्याच्या हनुवटीला बोट लावून चेहरा इकडून तिकडून पाहिला. दत्तानं एक मिनिट दम धरला, मग दोन्ही कवळ्या काढल्या आणि चड्डीच्या खिशात टाकल्या. पुढचे पंधरा दिवस त्या खिशातच राहिल्या. मी समजूत काढली, डॉक्टरांनी गोळ्या-चॉकलेटं दिली, खाजामियाँनी नवाबाच्या हत्तीची गोष्ट सांगितली. काही उपयोग झाला नाही.

एका सकाळी दिगंबर एकटाच आला. मला कवळी करा म्हणाला. मी खुश झालो, कारण आधी विचारलं तेव्हा त्यानं हात हलवून नको म्हटलं होतं. माझं हिरड्यांवर जमून गेलंय, पोराचं बघा, म्हणाला होता. आता काय झालं विचारलं, तर म्हणाला, ‘‘मी घातले तर त्यो घालंल.’’

त्याच्या हिरड्या सुरीच्या धारेसारख्या निमुळत्या होत्या. दात कधी उगवलेच नाहीत तर त्यांना धरणारं हाडही भरत नाही. तोंडात लाळ कमी, आणि कवळी चिकटते ती लाळेवर. मी तीनदा साचा बदलला. तरी ती सैलच राहिली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात वाईट काम. डॉक्टरही म्हणाले, आपल्याच्यानं यापेक्षा होणार नाही.

आठवड्यानं गयाबाई सांगत आली, की दत्ता कवळी घालतोय. मामा-भाचे समोरासमोर बसून भाकरी खातात. मामा चावतो, भाचा चावतो. मी दिगंबरला बोलावून तोंड बघितलं. खालची हिरडी जागोजाग सोलली होती, पांढरे व्रण पडले होते. भाकरीच काय, पाणी गिळताना जीव जावा असं ते तोंड होतं. मी रागावलो, दुखतं तर घालतोस कशाला, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘‘पोरगं बगत असतंय, सायेब.’’

मी घासता येईल तेवढं घासून दिलं. व्रण बरे झाले, पुन्हा पडले, पुन्हा बरे झाले. जूनमध्ये दत्ता शाळेत गेला. मास्तरांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. मास्तरांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. हे मला गयाबाईनं सांगितलं आणि सांगताना ती हसली नाही, फक्त पिशवीतून मुगाचे दोन लाडू काढून माझ्या टेबलावर ठेवले.

पाऊस त्याही वर्षी नीट झाला नाही. गावोगाव जनावरांच्या छावण्या लागल्या. दिगंबरची एक देवणी बैलजोडी होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, जिवापाड सांभाळलेली. ती घेऊन तो छावणीत राहायला गेला. दुपारी अंग पेटलं की तो जनावरांच्या हौदात सदरा बुडवायचा आणि तसाच घालायचा. कधी सहन झालं नाही तर हौदातच उतरायचा. लोक आधी हसले, मग चिडले. जनावरांच्या पिण्याचं पाणी हा माणूस बाटवतो, ह्याच्या कातडीचं दुखणं बैलांना लागेल, असं कुणीतरी बोललं आणि त्याला छावणीतून काढलं. जोडी ठेव, तू जा म्हणाले. जोडी दुसऱ्याच्या हातून चारा घेत नव्हती.

निरोप आला तो रविवार होता. हे दुखणं कुणाला लागत नाही, असा शिक्क्याचा कागद मी डॉक्टरांकडून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. छावणीचा कारभार बघणाऱ्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. कागदानं पाणी शुद्ध होतं का, विचारलं. मी घामाच्या ग्रंथी, कातडीचा थर असं सगळं सांगत बसलो. वीस-पंचवीस माणसं जमली. त्यांच्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं. मला माझंच बोलणं कपाटावरच्या त्या इंग्रजी नावासारखं वाटायला लागलं.

गर्दीत हणमंतआप्पा नावाचे एक जुने गुराखी बसले होते. ते तंबाखू मळत म्हणाले, ‘‘म्हसरू दुपारी डबक्यात का बसतंय? त्येला घाम न्हाई, म्हनून. बैलाला येतुय, त्यो उनात टिकतुय. ह्या पोराचं म्हशीवानी हाय, येवढंच सांगून राहिलेत न्हवं सायेब?’’

मी म्हणालो, हाव, एवढंच. नागपूरच्या दोन वर्षांत मला ते कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

मग फार ताणलं गेलं नाही. हौदात उतरायचं नाही, पण दिगंबरला रोज दोन बादल्या वेगळ्या द्यायच्या असं ठरलं. बदल्यात त्यानं पहाटे गार असताना सगळ्या जनावरांना चारा टाकायचा. तो ते आनंदानं करायचा. दुष्काळ सरला तेव्हा जोडी आणि मालक दोघंही धडधाकट बाहेर आले. हणमंतआप्पांना मी पुढं एक कवळी करून दिली. ती त्यांनी फक्त लग्नसमारंभात वापरली.

वर्षं गेली. माझी परत नांदेडला बदली झाली, तर ही मंडळी नांदेडला यायला लागली. दर दोन-अडीच वर्षांनी दत्ताचा जबडा वाढायचा, नवी कवळी करावी लागायची. जुने प्लास्टरचे साचे मी फेकले नाहीत. नांदेडच्या माझ्या खोलीत एका फळीवर ते रांगेनं मांडले होते, पहिला माझ्या अंगठ्याएवढा, पुढचे वाढत गेलेले. आईबाप भिंतीवर रेघा ओढून पोराची उंची मोजतात, तसं काहीतरी ते होतं. नवीन येणाऱ्या शिकाऊ पोरांना मी ती रांग दाखवायचो आणि माझ्या आवाजात जरा जास्तच रुबाब यायचा.

दत्ता बारा वर्षांचा झाला तेव्हा दिगंबर पुन्हा एकटा आला. स्वतःची कवळी फडक्यात बांधून आणली होती. माझ्या हातात देऊन म्हणाला, आता त्याला कळतंय, आता मला ही नको. सात वर्षं त्यानं ती घातली होती. त्यानंतर तो मजेत हिरड्यांवर भाकरी खात राहिला, दुधात कुस्करून. पन्नाशीच्या आत छातीच्या दुखण्यानं गेला. मी माती द्यायला गेलो होतो. गावातली आता बाप्ये झालेली पोरं ‘आजा गेला’ म्हणत रडत होती.

दत्ता शिकला, आणि नोकरी कुठं लागली, तर उदगीरला बर्फाच्या कारखान्यात. बाकीचे कामगार तिथं टिकत नाहीत, हाडं गारठतात म्हणून पळून जातात. दत्ता मे महिन्यातसुद्धा घरी जायचं नाव काढत नाही. मालक त्याच्यावर इतका खुश, की त्याचं लग्न त्यानंच जमवलं.

आता शेवटचं. माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. ऑगस्ट संपत आला होता. गयाबाई सकाळी साडेसहाला हजर, सोबत दत्ताची सहा वर्षांची मुलगी. मुलीचे दोन दात आले नव्हते आणि एक जरा टोकदार होता. बाकी केस, घाम, सगळं ठीक. मी तिला तोंड उघडायला सांगितलं. ती लाजून ओठ मिटून बसली. गयाबाई म्हणाली, असं कर की गं, अशी. आणि तिला दाखवायला स्वतः मोठा ‘आ’ केला.

मी टॉर्च हातात धरून उभा होतो. उजेड पडला तो गयाबाईच्या तोंडात. खाली समोरचे चार दात नव्हते. वर दोन्ही बाजूंना एकेक नव्हता, आणि जे होते ते खुंट्यांसारखे बारके. हे पडलेले नव्हते, आलेच नव्हते. मुंबईच्या पत्रात ते लिहिलेलं होतं आणि ते पत्र मी स्वतः वाचलं होतं. पाव शतकाहून जास्त काळ ही बाई माझ्यासमोर बाकावर बसत होती. भावाचं तोंड, पोराचं तोंड, आता नातीचं तोंड घेऊन. मी दात करणारा माणूस, आणि तिच्या तोंडात मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी विचारलं, गयाबाई, तुम्हाला खाताना त्रास होत नव्हता?

ती म्हणाली, ‘‘हुतुया की.’’

मग बोलला का नाहीत?

‘‘कुणी इच्यारलंच न्हाई, भाऊ.’’

या वेळी मात्र माझ्या तोंडून निघालं. चुकलं माझं, म्हणालो. तिनं नातीची वेणी सारखी केली आणि विचारलं, माझं काम व्हायला किती खेपा लागतील.

तीन लागल्या. डॉक्टर आता वेगळे होते, तरुण होते, त्यांनी मुकाट्यानं सगळं करून दिलं. माझ्या नोकरीतलं ते शेवटचं काम. सतराशे साठ भानगडी मागं लागल्या होत्या, निवृत्तीचे कागद, सह्या, निरोपसमारंभ; मी दार लावून आत बसलो आणि गयाबाईचे दात घासत राहिलो. तिच्या वयाला शोभेल असा थोडा पिवळसर रंग निवडला. पांढरेशुभ्र दिले असते तर ते उसने दिसले असते.

बसवून झाल्यावर मी आरसा दिला. तिनं बराच वेळ पाहिलं. ओठ मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. मग आरसा टेबलावर ठेवला आणि उदगीरची गाडी किती वाजता आहे विचारलं. मी आठ दिवस मऊच खा, सवय होऊ द्या, कडक काही नको, असं नेहमीचं सगळं सांगितलं. मग त्यांना सोडायला बसस्टँडपर्यंत गेलो.

स्टँडच्या तोंडाशी एक बाई शेगडीवर कणसं भाजत होती. गयाबाई थांबली. एक कणीस घेतलं, मीठ-लिंबू लावून घेतलं, आणि तिथंच उभ्यानं खायला लागली. घाई नाही. एक ओळ संपवायची, कणीस फिरवायचं, दुसरी ओळ. नात तिच्याकडं बघत होती. मी माझं आठ दिवसांचं पथ्य तोंडातच ठेवलं. गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. तिनं हात वर करून त्याला थांबायची खूण केली आणि राहिलेल्या ओळी संपवल्या.